उष्टावण

कांचनने चमचा खिचडीत बुडवला, भरून वर उचलला आणि बाकावर बसलेल्या सगळ्या बायांना दिसेल असा उलटा केला. घास चमच्याला धरून राहिला.

“पडला?”

“नाई पडला,” दोघी-तिघी एकदम म्हणाल्या.

“असाच पाहिजे. चमचा उलटा केला तरी घास पडायला नको. पडला तर समजायचं, आपण लेकराला नुसतं पाणी पाजून राहिलो.”

राजापेठेच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या नागरी आरोग्य केंद्रात पूर्वी लस, गोळ्या आणि केसपेपर एवढंच होतं. गेल्या वर्षी कोपऱ्यातलं मोडकं कपाट हलवून तिथे एक टेबल आलं आणि त्या टेबलामागे, आई-बाळाच्या आहाराचा सल्ला द्यायला, कांचन आली. लस टोचल्यावर बाळांना अर्धा तास थांबवून ठेवतात. तो अर्धा तास तिचा. बाहेर वैशाखाचं ऊन, आत घरघरणारा कूलर, रडून दमलेली बाळं आणि त्यांना ओढणीने वारा घालणाऱ्या आया. त्यांच्यासमोर ती घरून आणलेली मुगाची मऊ खिचडी चमच्याच्या पाठीने रगडून दाखवी.

“आणि हे ध्यानात ठेवा. पहिले काही दिवस बाळाची जीभ घास बाहेर लोटते. आपल्याला वाटतं, हिला नको आहे. तसं नसतं. आजवर तिला फक्त ओढायचं माहीत असतं, घास आत न्यायचं ती आता शिकत असते. एकदा सवय झाली की चमचा दिसला रे दिसला, लेकरू आपणहून आ करतं. तोवर आपण धीर धरायचा.”

पुढच्या बाकावर आचल नावाची एक तरणी आई होती. माहेर अकोल्याचं, दिली होती इथे. तिच्या मांडीवरचा मुलगा आठव्या महिन्यातला, पण हाताला हलका. मघाशी वजन करताना सिस्टरने कांचनकडे पाहून मान हलवली होती.

“याला वरचं काय सुरू केलं?”

“काईच नाई, मॅडम.”

“काहून?”

“उष्टावण व्हाचं हाय ना त्याचं. पयला घास मामाच्या हातचा लागते. आमचा दादा अकोल्याले कंपनीत हाय, त्याले सुट्टीच भेटून नाई राहिली.”

“मग दादाला सुट्टी मिळेपर्यंत याच्या पोटालाही सुट्टी का?”

बाया हसल्या. कडेला नातवाला घेऊन बसलेल्या म्हातारीला जोर चढला.

“सुट्टीचं नाव घेते पोरगी! मामी सोडत नसंन त्याले, दुसरं काय!”

हशा दुप्पट झाला. आचलनेसुद्धा ओढणी तोंडाला लावली. कांचन तेवढी हसली नाही. तिने चमचा वाटीत ठेवला आणि पुढे काय सांगायचं होतं, ते क्षणभर तिला आठवेचना.

“आजच दे,” ती शेवटी आचलला म्हणाली. “विधी दादा आल्यावर कर. देव नाही रागवत त्याने.”

“तुमी देवाधर्माच्या बाई, तुमी म्हनता तं देतो,” आचल म्हणाली.

तिचं खरंच होतं. सोमवार महादेवाचा, मंगळवार अंबादेवीचा, गुरुवार महाराजांचा, शनिवार मारुतीचा. कांचनच्या आठवड्याला असे वार गुंफलेले होते. उपास ती बोलून दाखवत नसे, पण केंद्रातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आजही शनिवार. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि त्या म्हातारीचं बोलणं त्या रिकाम्या पोटातच जाऊन बसलं.

बाया पांगल्यावर तिने खिचडीची वाटी नळाखाली धरली. वाटी केव्हाच स्वच्छ झाली होती. पाणी पडत राहिलं आणि ती धूत राहिली.

अशीच एक वाटी तिने गेल्या आश्विनात धुतली होती.

गजेंद्रच्या धाकट्या बहिणीचं, प्रणालीचं, ते पहिलं बाळंतपण. आई मागेच गेलेली, तेव्हा प्रणालीचं माहेर म्हणजे भावाचंच घर. कांचनने कशात कमी केलं नाही. शेक, डिंकाचे लाडू, रात्रीची उठबस, सगळं मायेने केलं. पाचवीच्या पूजेला प्रणालीची सासू गोदाबाई नांदगाव पेठेहून आली. येताना तिने पदराखाली झाकून चांदीची एक वाटी आणली होती. वाटीत मध आणि मधात उगाळलेलं सोनं. नातीच्या जिभेला लावायचं म्हणून.

कांचनचं प्रशिक्षण नुकतंच संपलं होतं. बाळाला मध द्यायचा नसतो हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते माहीत असल्याची एक नवी ऐटही अंगात होती. तिने गोदाबाईच्या हातून वाटी काढून घेतली, पूजेला जमलेल्या बायांदेखत नळ सोडला आणि वाटी खळखळून पालथी घातली.

“एवढ्याशा जिवाला मध चालत नाही, मावशी. आता काळ बदलला.”

“माह्या मायची वाटी हाय ते,” गोदाबाई म्हणाली. बराच वेळ ती त्या पालथ्या वाटीकडे बघत राहिली. मग पदर सावरत उठली. “जिनं माही वाटी पालथी घातली, तिच्या हातचा घास माह्या नातीच्या तोंडाले लागू देनार नाई मी.”

दहाव्या दिवशी ओली बाळंतीण घेऊन ती निघून गेली. बारशाचं बोलावणं आलं ते गजेंद्रच्या फोनवर. प्रणालीच्या नवऱ्याने, किशोरने, केलं. दादा तुम्ही या, एवढंच. वहिनीचं नाव नाही. त्या संध्याकाळी कांचनने देवापुढे दिवा लावला, देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात एक सुपारी मांडली आणि हात जोडून मोठ्याने म्हणाली, “गोदाबाईंनी आपल्या तोंडाने बोलावल्याशिवाय त्या घराचा उंबरा आम्ही दोघं ओलांडणार नाही.”

आम्ही दोघं. गजेंद्र मागे उभा होता. तो काही बोलला नाही. हो म्हणाला असं तिने धरून घेतलं.

तेव्हापासून त्या सुपारीला रोज कुंकू लागत होतं, रोज फूल पडत होतं. एक दिवस खाडा नाही. खुशी हे नाव त्यांना मोबाइलवरच कळलं. पोरगी पालथी पडायला लागली, बसायला लागली, ते गजेंद्रच्या फोनमधल्या फोटोंवरून दिसे. तो दाखवी, ती हात पुसत पुसत बघे आणि कामाला लागे. हल्ली मात्र त्याने फोटो दाखवणं बंद केलं होतं. फोन वाजला की पालथा घाली. कांचनला वाटे, पोरगी वाळली असेल. मला बघवणार नाही म्हणून दाखवत नसतील.

तसं वाटायला कारण होतं. गजेंद्रच्या मूर्तिजापूरच्या कौशल्याकाकूने पंधरवड्यामागे फोनवर सांगितलं होतं: “गोदाबाई आता उलट्याच हट्टाले पेटली, बाई. मामा-मामी जोडीनं पाटावर बसल्याबिगर उष्टावण करत नाई म्हनते. पोरगी सातव्यातून आठव्यात चालली.”

कांचनने त्यावर “बरं” म्हणून पाण्याचं, पापडाचं विचारलं होतं. पण खुशीचे सहा महिने कधी भरले ती तारीख तिला पाठ होती. त्या तारखेनंतर या टेबलावरून तिने कितीजणींना सांगितलं असेल, सहा महिने झाले की थांबू नका, अंगावरच्या दुधाने आता भागत नाही. दर वेळी हे सांगताना तिने फोटोतच पाहिलेलं एक तोंड समोर येई, आणि ती आवाज थोडा चढवून पुढच्या आईकडे वळे.

आज त्या म्हातारीने पुढे वळायला जागा ठेवली नाही.

संध्याकाळी गजेंद्र घरी आला. तो राजापेठेतल्या एका ट्यूशन क्लासमध्ये गणित शिकवी. आठवडाभर क्लास, आणि रविवारी वावर बघून येतो म्हणून मूर्तिजापूर. गेले चार-पाच रविवार तर न चुकता. त्याचा मागच्या रविवारचा शर्ट कांचनने बादलीतून काढला. खांद्यावर हळदीचा डाग होता आणि खिशाच्या शिवणीत भाताचं एक शीत वाळून चिकटलेलं. रस्त्यावर कुठेतरी उभ्याने जेवतात, झालं. तिने शीत नखाने काढून टाकलं, डागाला साबण लावला. मग ओला शर्ट तसाच बादलीत सोडून ती बाहेर आली.

“उद्या मूर्तिजापूरला जाऊ नका.”

“काहून?”

“नांदगाव पेठेला जायचं आहे. खुशीचं उष्टावण करायला.”

गजेंद्रने चहाचा कप खाली ठेवला.

“बोलावनं आलं काय?”

“नाही.”

“मंग? तू देवापाशी बोलली होती.”

“बोलले होते.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “आज एका पोरीला चारचौघींत बोलले मी. मामासाठी लेकरू उपाशी ठेवतेस म्हणून. अन् माझ्या घरात काय आहे? दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडावर माझा नेम ठेवून बसले मी. असल्या नेमाचं पुण्य नको मला.”

गजेंद्र तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. ओठही हलले त्याचे. मग तो म्हणाला, “फोन तरी करतो. असं एकदम गेलं तं बरं नाई दिसत.”

गॅलरीत जाऊन तो बोलत होता. फोन कानाला, दुसरा हात तोंडाशी आडवा. बराच वेळ बोलला. आत आला तेव्हा म्हणाला, “या म्हनते.”

“कोण म्हणते?”

“प्रणालीच होती फोनवर.”

म्हणजे गोदाबाई नाही. कांचनने मान हलवली. नेम मोडायचा तर पुरता मोडायचा, तिला तेवढीही सूट नको होती.

सकाळी आंघोळ झाल्यावर तिने सुपारी उचलली. खाली देव्हाऱ्याच्या लाकडात कुंकवाचं एक लालभडक गोल मुरलं होतं. देवांच्या मूर्तींखालीसुद्धा इतका ठळक डाग नव्हता. मूर्ती उचलल्या जात, पुसल्या जात, कधी एखादा दिवस राहूनही जाई. या सुपारीची पूजा मात्र तिने कधी राहू दिली नव्हती. अंगणात जाऊन तिने सुपारी तुळशीच्या मातीत दाबली, हात जोडले, आणि मागायला शब्द सापडेनात म्हणून तशीच आत आली.

मुगाची खिचडी तिने स्वतः शिजवली. तुपाचं बोट सोडलं. डब्यात भरताना रामनवमीच्या सुमाराची एक संध्याकाळ तिला आठवली. गजेंद्र ओट्याशी येऊन उभा राहिला होता. क्लासमधल्या नितेश सरांचं लेकरू सहा महिन्यांचं झालं, ते विचारत होते, सुरुवात कशाने करायची? कांचनला कोण आनंद झाला होता! नवरा पहिल्यांदाच तिच्या कामातलं काही विचारत होता. तिने चमचा उलटा करून दाखवला, त्यानेही दोनदा करून पाहिला. तिने तांदूळ आणि मूग भाजून भरड काढून दिली, झाकणाला पोचा आलेल्या स्टीलच्या डब्यातून. नितेश सरांकडून डबा काही परत आला नव्हता. लोकाच्या लेकराला भरड पाठवली, आणि घरचं? तिने डब्याचं झाकण दाबून लावलं.

हायवेवर ऊन आत्ताच पांढरं झालं होतं. नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यांची लांबच लांब छपरं आली. किशोर तिथेच कामाला होता, आज त्याची पहिली पाळी. मागच्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. गजेंद्रने गाडी नेमकी त्या दारासमोर लावली, कुणाला विचारावं लागलं नाही. कांचनचं तिकडे लक्ष नव्हतं. दारात गोदाबाई उभी होती.

“या, मॅडम.”

कांचन उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली.

“मावशी, न बोलावता आले.”

“मंग आता दारातच राह्यता काय? तवा तापला बाहीर. पाय धुवा.”

पाण्याचा तांब्या गोदाबाईने स्वतः पुढे केला. कांचनने पाय धुतले आणि उजवं पाऊल आत टाकलं. तिला वाटलं होतं, छातीत काहीतरी तुटेल. तसं काही झालं नाही. आत पंख्याखाली चटई होती आणि चटईवर प्रणालीच्या मांडीला टेकून एक गुटगुटीत पोरगी बसली होती. मनगटाला वळी, गालाला खळी.

“वहिनी!” प्रणाली उठली आणि कांचनच्या गळ्यातच पडली. “किती वाळल्या तुमी!”

कांचन तिच्या खांद्यावरून खुशीकडे बघत होती. वाळलेली नव्हती. बोटं आपोआप पुढे गेली, रोजच्या सवयीने दंडाचा घेर चाचपून आली. चांगला होता. आईचं दूध चांगलं असेल, तिने मनाशी म्हटलं. आईला ओढून घेतलं असेल पोरीने. पण प्रणालीही काही ओढलेली दिसत नव्हती. कांचनला स्वतःच्या या मोजमापाचीच लाज वाटली. इथे क्षमा मागायला आलो आणि तपासणी करत बसलो.

पाट मांडले होते. रांगोळी काढली होती. समईत वात तेवत होती. गजेंद्र पाटावर बसला, खुशीला त्याच्या मांडीवर दिलं. पोरगी नव्या माणसाला बिचकेल, रडेल, म्हणून कांचन खुळखुळा घेऊन तयारच होती. खुशीने मामाच्या शर्टाचं बटण धरलं आणि तोंडात घातलं.

गोदाबाई आतून वाटी घेऊन आली. तीच चांदीची वाटी, राखेने घासून लख्ख केलेली. तिने ती कांचनच्या पुढ्यात ठेवली.

कांचन हात मागे घेऊन बसली.

“मावशी, त्या दिवशी…” ती म्हणाली. “मी हातातून ओढून घ्यायला नको होती.”

“मदाचं तुमी बरोबरच बोलल्या. म्या इचारलं मंग डाक्टरीनबाईले. नसते देत म्हने.” गोदाबाईने समईची वात उगाच थोडी पुढे सारली. “पन बाप्पा, चार बायांत!”

“तेच. चार बायांत.”

“अन् नळाखाली! माह्या मायचा जीव होता त्या वाटीत.”

“चुकले मी.”

“माह्या तोंडातूनबी वंगाळ निघालं तवा. आता भरा वाटी. पोरगी वाट पाहून राहिली.”

कांचनने डब्यातली खिचडी वाटीत काढली, चमच्याच्या पाठीने रगडली. चमचा भरून ती गजेंद्रकडे देऊ लागली.

“पहिला मामाचा.”

“तूच दे,” गजेंद्र म्हणाला. तो खुशीचं टाळकं बघत होता.

“मामाचाच असतो पहिला.”

“आज तुहाच घास हाय. दे.”

तिने चमचा खुशीकडे नेला. इतक्यात गोदाबाईचा हात मध्ये आला आणि चमचा तिच्या हातून काढून घेतला. तिच्या हातचा नाहीच चालत तर. बरोबर आहे, एवढ्याने कसं फिटेल?

गोदाबाईने चमचा डोळ्यांसमोर धरला आणि उलटा केला.

घास चमच्याला धरून राहिला.

“हं,” गोदाबाई म्हणाली. “द्या आता.”

चमचा पुन्हा कांचनच्या हातात आला. पंखा फिरत होता. गजेंद्र खुशीच्या डोक्यावरून वर, त्या पंख्याकडेच बघत होता. कांचनने चमचा पुढे नेला. अजून वीतभर लांब होता, तेवढ्यात खुशीने हात झाडले, मान पुढे काढली आणि मोठ्ठा आ केला. ओठ चमच्यावर मिटले, घास ओढून आत गेला. जीभ बाहेर आली ती ओठाला लागलेलं तूप पुसायला. दोनदा जबडा हलला, आणि पोरीचे डोळे वाटीवर जाऊन थांबले. पुढचा?

असं तोंड कांचन रोज बघत होती. महिना-सव्वा महिना रोज जेवलेल्या बाळाचं तोंड होतं ते.

मग प्रणाली, जरा जास्तच मोठ्याने म्हणाली, “पाह्य वं माय! पयलाच घास अन् कशी खाऊन राहिली!”

गोदाबाईने प्रणालीकडे एकदा बघितलं. गजेंद्रने मान खाली घातली. कांचनने चमचा वाटीत टेकवला.

एवढी सगळी माणसं. रांगोळी, पाट, समई. तिच्या एका सुपारीपायी.

“हो ना,” ती म्हणाली. “पहिलाच. हुशार आहे आमची भाची.”

तिने दुसरा घास भरला. तिसरा भरला. वाटी संपेपर्यंत तिने मान वर केली नाही, आणि डोळे भरून आले ते पदराने न टिपता तसेच वाळू दिले.

जेवणं झाली. कांचनने गोदाबाईच्या ताटात आग्रहाने पुरणाची पोळी वाढली, गोदाबाईने तिच्या. निघताना प्रणालीने वहिनीची ओटी भरली. चपला घालून दोघं दाराबाहेर आली, तेवढ्यात गोदाबाईने मागून हाक दिली.

“थांबा, मामी.”

ती आत गेली. आतून प्रणालीचं दबकं बोलणं ऐकू आलं, “अवो आई, आज कशाले…” आणि गोदाबाईचं, “राहू दे वं. किती दिवस ठेवू त्यांची वस्तू?”

गोदाबाई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा डबा होता. झाकणाला पोचा आलेला.

“रिकामा नाई देत. घरच्या वावरातले मूग हाय, निवडलेले.” तिने डबा कांचनच्या हातात ठेवला आणि वरून आपला तळवा दाबला. तिचा चेहरा गंभीर होता, फक्त डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या. “भाजून, भरड काढून पाठवजा. नितेश सराच्या लेकराले लय गोड लागते म्हने तुमच्या हातचं.”

कांचनने डबा बगलेत धरला आणि वाकून गोदाबाईच्या पायांना हात लावला. गोदाबाई “राहू द्या, राहू द्या” म्हणाली नाही. तिने हात लावू दिला.

परतताना ऊन समोरून येत होतं. डबा मांडीवर घेऊन कांचन गाडीवर मागे बसली होती. कारखान्यांची छपरं सरली, मोकळी काळी रानं आली.

“नितेश सरांना मुलगा आहे की मुलगी?”

गजेंद्रने बरंच अंतर गाडी तशीच चालवली.

“सराचं लग्न व्हाचं हाय अजून.”

एक ट्रक बाजूने गेला. त्याच्या वाऱ्याने पदर उडाला, तो तिने डब्याखाली दाबला.

“मला का नाही सांगितलं?”

“तू देवापुढे बोलली होती ना.” तो वळून न बघता बोलत होता, त्यामुळे अर्धे शब्द वाऱ्यावर जात होते. “तुले मोडाले लावलं असतं तं तुह्या जिवाले लागलं असतं. म्हटलं, रविवारी जाऊन मीच मोडतो. पाप लागलं तं मले लागंन.”

गाडीच्या प्रत्येक खड्ड्याला डब्यातले मूग खुळखुळत होते. तिने दोन्ही हातांनी डबा घट्ट धरला, तरी ते खुळखुळायचे थांबले नाहीत.

दिवेलागणीला तिने देव्हारा पुसायला घेतला. कोपऱ्यातलं ते कुंकवाचं गोल ओल्या फडक्याने घासलं, लिंबाची फोड लावून घासलं. फडकं लाल झालं, पण लाकडात मुरलेलं काही निघालं नाही. तिने तेल-वात केली, हात जोडले. रोज ती दिव्यासमोर काहीतरी सांगे, काहीतरी मागे. आज ते गोल समोर होतं आणि ती नुसती उभी राहिली.

मग ती ओट्याशी गेली. कढई मंद आचेवर ठेवली, डबा उपडा केला आणि मूग हलवायला घेतले. खमंग वास सुटला तसा गजेंद्र दाराशी येऊन उभा राहिला. आत यावं की न यावं असा.

“पुढच्या रविवारी,” मुगावरची नजर न काढता कांचन म्हणाली, “मूर्तिजापूरला जाल ना, तेव्हा मलाही न्या.”